लोहाचा अंक शेवटी काढायचा

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. अकरावीच्या रेडॉक्सच्या धड्यातले ऑक्सिडीकरण अंकाचे नियम तू पाठ केलेस. फेरस ऑक्साइड, फेरिक क्लोराइड हे सोपे प्रकार बरोबर आले. पण पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजात लोहाचा अंक +४ आला आणि मागे उत्तर +२ छापलेलं आहे. मॅग्नेटाइट या लोहाच्या काळ्या ऑक्साइडमध्ये +८/३ आला, तेव्हा अणूवर अपूर्णांकात भार असतोच कसा, असं तुला वाटलं. पोटॅशियम फेरोसायनाइडपाशी तर तू थांबलीसच, कारण कार्बनला आणि नायट्रोजनला काय द्यायचं ते कळेना. शेवटी विचारलंस की वडील द्राक्षबागेत फेरस सल्फेटही वापरतात आणि ‘चिलेटेड लोह’ही, तर दोन्हींतलं लोह एकच का.

मी नाशिकमध्ये २६ वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं. निफाड, दिंडोरी, सिन्नरकडून एसटीने येणारी मुलं दरवर्षी यातले पहिले तीन प्रश्न घेऊन यायची. तुझी बेरीज-वजाबाकी कुठेच चुकलेली नाही. चूक त्याच्या आधी होते. लोहाच्या सोबत कोण आहे आणि त्याने कुणाला धरलंय, हे न बघताच तू सगळ्यांना अंक वाटून टाकतेस.

ऑक्सिडीकरण अंक म्हणजे अणूवर उपकरण लावून मोजलेला भार नव्हे, तो इलेक्ट्रॉनांचा हिशेब आहे. दोन वेगळ्या मूलद्रव्यांच्या अणूंमध्ये बंध असला, तर त्यातले सगळे इलेक्ट्रॉन ज्याची ओढ जास्त त्याच्या नावावर चढवायचे. दोन्ही अणू एकाच मूलद्रव्याचे असले, तर निम्मे निम्मे. मग अणूच्या खात्यावर जे धन किंवा ऋण उरतं, तो त्याचा अंक. आययूपीएसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये या अंकाची व्याख्या नव्याने मांडली, तिचा गाभा हाच आहे. ‘ऑक्सिजन −२’, ‘हायड्रोजन +१’ हे तुझे नियम म्हणजे या हिशेबातून निघालेले सोयीचे आडाखे. बहुतेक वेळा ते चालतात. जिथे चालत नाहीत, तिथे मूळ हिशेबाकडे जायचं.

लोहासाठी असा एकही आडाखा नाही, हे पक्कं लक्षात ठेव. सोडियम नेहमी +१, कॅल्शियम नेहमी +२, पण लोह −२ पासून +६ पर्यंत कुठेही सापडतं. म्हणून लोहाचा अंक सगळ्यात शेवटी काढायचा. आधी सोबतचे ओळखायचे, त्यांचे अंक मांडायचे, एकूण भार बघायचा. उरेल ते लोहाचं.

सोपे प्रकार भराभर संपवू. फेरस ऑक्साइडमध्ये एक ऑक्सिजन −२, म्हणून लोह +२. फेरिक ऑक्साइडमध्ये तीन ऑक्सिजन मिळून −६, दोन लोह मिळून +६, म्हणजे प्रत्येकी +३. फेरस सल्फेटमध्ये सल्फेट हे मूलक, म्हणजे एकत्र वावरणारा भारित गट, आख्खं −२ धरायचं, लोह +२. स्फटिकातलं पाणी शून्य, त्याला हात लावायचा नाही. गंजाचा मोठा भाग असलेल्या गोथाइटमध्ये एक लोह, दोन ऑक्सिजन, एक हायड्रोजन: −४ आणि +१, उरले −३, म्हणून लोह +३.

इथे जाता जाता एक सांगतो, कारण मुलं रंगावरून अंक ओळखायला जातात. पिवळी माती आणि गेरू यांचे रंग किती वेगळे! पण पिवळ्या मातीतलं गोथाइट तापवलं की पाणी निघून जातं आणि मागे लाल फेरिक ऑक्साइड उरतं, तोच गेरूचा रंग. लोह आधीही +३, नंतरही +३. रंग पूर्ण बदलला आणि अंक जागचा हलला नाही. हिरवं म्हणजे फेरस आणि तांबूस म्हणजे फेरिक हा अंदाज बाटलीपुरता ठीक आहे, पण पुरावा म्हणून धरू नकोस.

आता पायराइट. लोहाचा एक अणू, गंधकाचे दोन. तू गंधकाला −२ प्रमाणे −४ दिलेस आणि लोहाला +४ करून टाकलंस. पण गंधकाला −२ मिळतो तो सुटा असताना. आठवीत लोखंडाचा कीस आणि गंधकाची भुकटी तापवून जो काळा पदार्थ करतात, त्या फेरस सल्फाइडमध्ये गंधक असा सुटा असतो: गंधक −२, लोह +२. पायराइटमध्ये गंधकाचे दोन अणू एकमेकांना धरून जोडीने बसलेले असतात. क्ष-किरणांनी मोजलं तर दोघांमधलं अंतर सुमारे २.१७ अँगस्ट्रॉम भरतं (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). एकमेकांना न धरता नुसते शेजारी असते, तर ते साडेतीनच्या पुढे गेलं असतं. म्हणजे मधे बंध आहे, आणि बंध दोन गंधकांमधला असल्याने त्यातले इलेक्ट्रॉन निम्मे निम्मे. त्या बंधातून कुणाच्याच खात्यावर काही चढत नाही. आख्ख्या जोडीवर −२, म्हणजे प्रत्येक गंधकाला −१, आणि लोह +२. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ऑक्सिजनला −१ का देतात हे तुला आलेलं आहे. तिथे ऑक्सिजनची जोडी, इथे गंधकाची.

तू म्हणशील, जोडी आहे हे सूत्रावरून कसं ओळखायचं? नुसत्या सूत्रावरून नाही ओळखता येत, आणि हे पुस्तकात ठळक छापायला हवं असं मला नेहमी वाटत आलं. शेजारचंच उदाहरण घे. चाल्कोपायराइटमध्ये एक तांबं, एक लोह, दोन गंधक. दिसायला पायराइटचाच भाऊ, सोनेरी झाक तीच. पण यात गंधकाची जोडी नसते, दोन्ही गंधक सुटे, −२ प्रमाणे −४. मग तांबं आणि लोह मिळून +४. तांबं +२ आणि लोह +२ धरलं तरी बेरीज जुळते, तांबं +१ आणि लोह +३ धरलं तरी जुळते. प्रयोगांचा कौल दुसऱ्या बाजूने आहे: तांबं +१, लोह +३. असंच कोकण किनाऱ्याच्या काळ्या वाळूतल्या इल्मेनाइटचं. लोह, टायटॅनियम आणि तीन ऑक्सिजन, म्हणजे दोन धातू मिळून +६. दोघांना +३ देऊनही बेरीज बसेल, पण प्रत्यक्षात लोह +२ आणि टायटॅनियम +४. एका सूत्रात दोन धातू दिसले की हात आखडता घे, आणि दुसरी काही माहिती दिलीय का ते बघ.

मॅग्नेटाइटकडे येतो. हे तुझ्या अगदी जवळचं आहे. उन्हाळ्यात गोदावरीचं पाणी ओसरलं की काठच्या वाळूत चुंबक फिरवून बघ. चुंबकाला काळे, बारीक, दाढीसारखे कण लोंबतात. कागदावर झटकून भिंगाखाली धरलेस तर काही कणांच्या कडा तुटलेल्या आणि चमकदार दिसतील. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातून, बेसॉल्टमधून झिजून आलेलं हे मॅग्नेटाइट. पुस्तकातल्याइतकं शुद्ध नसतं, त्यात टायटॅनियमही शिरलेलं असतं, पण घराणं तेच. पुस्तकातलं शुद्ध रूप म्हणजे तीन लोह आणि चार ऑक्सिजन. ऑक्सिजन मिळून −८, तीन लोहांत +८ वाटायचे, प्रत्येकी +८/३, म्हणजे २.६७ च्या आसपास.

ही सरासरी आहे. तीन भावंडांची वयं १०, १३ आणि १३ असली तर सरासरी १२ येते, पण त्या घरात बारा वर्षांचं कुणीच नसतं. मॅग्नेटाइटमध्ये एक लोह +२ आणि दोन +३: दोन अधिक तीन अधिक तीन, आठ. हवा लागू न देता आम्लात विरघळवलंस तर द्रावणात फेरस आणि फेरिक आयन याच १:२ प्रमाणात मिळतात. म्हणून त्याला फेरोसोफेरिक ऑक्साइड म्हणतात. स्फटिकात दोन तऱ्हेच्या जागा असतात. चार ऑक्सिजनांनी वेढलेल्या जागांवर नुसतं +३ लोह. सहा ऑक्सिजनांनी वेढलेल्या जागांवर +२ आणि +३ निम्मे निम्मे. या दुसऱ्या जागांवरचा जास्तीचा इलेक्ट्रॉन नेहमीच्या तापमानाला एका लोहावरून शेजारच्या लोहावर सारखा जात-येत असतो. म्हणून तिथे बोट ठेवून ‘हाच अणू +२’ असं म्हणता येत नाही, आणि म्हणूनच मॅग्नेटाइट काळंकुट्ट असतं आणि इतर ऑक्साइडांच्या मानाने वीज बरी वाहून नेतं. उणे १५० अंश सेल्सिअसच्या आसपास थंड केलं की ही ये-जा थंडावते आणि वीजवहन एकदम घसरतं. तुला आलेला अपूर्णांक अशी खरी गोष्ट सांगत होता. तो चूक समजून खोडून टाकू नकोस.

फेरस ऑक्साइडही दिसतं तितकं सरळ नाही. प्रयोगशाळेत एकास एक प्रमाणाचं फेरस ऑक्साइड सहसा मिळतच नाही, लोह थोडं कमी पडतं, एका ऑक्सिजनमागे ०.९५ च्या आसपास. मग हिशेब कर. ऑक्सिजनचे −२ फेडायला ०.९५ लोह आहे. सगळं +२ असतं तर १.९ च भरले असते, ०.१ कमी. म्हणून ०.१ लोहाला +३ व्हावं लागतं आणि उरलेलं ०.८५ +२ राहतं. जेईईत हा प्रश्न टक्केवारी काढायला लावून विचारतात, आता तू तो तोंडी करू शकशील.

फेरोसायनाइडमध्ये कार्बन-नायट्रोजनच्या वाटणीत पडूच नकोस. सायनाइड हे एक मूलक आहे, आख्ख्यावर −१. सहा सायनाइड −६, चार पोटॅशियम +४, म्हणून लोह +२. फेरीसायनाइडमध्ये पोटॅशियम तीनच, म्हणून लोह +३. नावातल्या ‘फेरो’ आणि ‘फेरी’मध्येच उत्तर दडलंय. हे फेरोसायनाइड मीठ मोकळं राहावं म्हणून अगदी थोडं घालतात. घरातल्या मिठाच्या पिशवीवर आयएनएस ५३६ हा खाद्यपदार्थांत घालायच्या द्रव्याचा क्रमांक दिसला तर ते हेच. फेरिक क्लोराइडच्या द्रावणात फेरोसायनाइडचे थेंब टाकले की गर्द निळा साका येतो, प्रशियन ब्लू. त्यात बाहेरची चार लोहं +३ आणि सायनाइडांच्या वेढ्यातली तीन +२. सातांची सरासरी काढलीस तर १८/७ येईल, पण ती तुला काहीच सांगणार नाही. मॅग्नेटाइटमध्ये निदान ये-जा चालते, इथे दोन तऱ्हेची लोहं आपापल्या जागी वेगवेगळी बसलेली आहेत, म्हणून वेगवेगळीच लिहायची.

आता बाग. तुझ्या वडिलांचं फेरस सल्फेट म्हणजे जुन्या बोलीतलं हिराकस. हिरवट खडे, लोह +२, वजनाच्या सुमारे २० टक्के. चिलेटेड लोह म्हणजे मोठ्या सेंद्रिय मूलकाने धरून ठेवलेलं लोह. हे मूलक बहुतेक ईडीटीए असतं, पाकिटावर लोह १२ टक्के लिहिलेलं असेल. ते सोडियमचं क्षार आहे: एक सोडियम +१, आणि ईडीटीए हे सहा हातांनी लोहाला कवटाळणारं मोठं मूलक, आख्ख्यावर −४. उरतं +३. म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की मूलद्रव्य एकच पण दोन्हींतला अंक वेगळा.

याने झाडाला फरक पडतो का? पडतो, आणि मला ही गोष्ट फार आवडते. चुनखडीच्या जमिनीत सामू आठाच्या वर गेला की मातीतलं लोह +३ होऊन न विरघळणाऱ्या हायड्रॉक्साइडच्या रूपात अडकून बसतं. जमिनीत लोह भरपूर आणि वेल उपाशी. मग छाटणीनंतर फुटलेल्या कोवळ्या शेंड्याकडची पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. असं एक पान उन्हाकडे धरून बघ, हिरव्या दोऱ्यांची जाळी पिवळ्या कापडावर विणल्यासारखी दिसते. खालची जुनी पानं हिरवीच असतात, कारण एकदा पानात बसलेलं लोह वेल तिथून काढून शेंड्याला सहसा देऊ शकत नाही. द्राक्षाच्या मुळांनी यावर तोड काढलेली आहे. मूळ मातीत आम्ल सोडतं आणि मुळाच्या पृष्ठभागावरचं एक विकर +३ लोहाला एक इलेक्ट्रॉन देऊन +२ करतं, तेव्हाच ते आत घेतलं जातं. धड्यातलं क्षपण ते हेच. जमिनीतला चुना या कामात आडवा येतो. ईडीटीएची पकडही सामू साडेसहाच्या वर गेला की ढिली होते, कॅल्शियम त्याची जागा घेतं. म्हणून चुनखडीच्या जमिनीत ठिबकमधून द्यायला ईडीडीएचए नावाचं दुसरं चिलेट निवडतात. ते महाग पडतं, पण जास्त सामूलाही टिकतं. वडिलांच्या जमिनीचा सामू काय आहे ते माती परीक्षणाच्या कागदावर बघ.

फेरस सल्फेट फवारताना ते टाकीत सायट्रिक आम्ल घालत असतील. ते कशासाठी हे मला पुस्तकाआधी एका चुकीने शिकवलं. एका जुलैत बारावीच्या प्रात्यक्षिकासाठी मी फेरस सल्फेटचं द्रावण केलं, लिटरला १३.९ ग्रॅम. डिस्टिल्ड पाणी संपलं होतं म्हणून बोअरचं पाणी घेतलं, आणि घाईत सल्फ्युरिक आम्ल घालायचं राहिलं. शनिवारी केलेलं द्रावण सोमवारी काढलं तेव्हा फिकट हिरव्याचं पिवळसर झालं होतं, आणि बाटलीच्या तळाशी गंजाच्या रंगाचा पातळ थर. १० मिली द्रावणाला ०.०१ मोलर पोटॅशियम परमँगनेट १० मिली लागायला हवं होतं. गुलाबी झाक ९.४ लाच टिकून राहिली. मुलांनी पुन्हा केलं, पुन्हा ९.४. मी त्यांना ब्युरेट नीट वाचा म्हणून रागावलो, आणि ते आजही मनाला लागतं, कारण मुलं बरोबर वाचत होती.

परमँगनेट +२ लोहच मोजतं. मँगनीज +७ वरून +२ वर येताना पाच इलेक्ट्रॉन घेतं, आणि ते पाच फेरस आयन प्रत्येकी एक देऊन +३ होतात. जे आधीच +३ झालंय त्याच्याकडे द्यायला काही उरलेलं नसतं. बोअरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटने आम्लता मारली, हवेतल्या ऑक्सिजनला आयतं फावलं आणि शंभरातलं सहा लोह दोन दिवसांत +३ होऊन तळाशी बसलं. वडिलांच्या टाकीतही तेच बोअरचं पाणी आहे. सायट्रिक आम्ल सामू खाली ठेवतं आणि लोहाला धरूनही ठेवतं, म्हणून लोह द्रावणात राहतं. तरीही टाकीतलं पाणी तांबूस दिसायला लागलं, तर त्यातलं बरंचसं लोह +३ होऊन साका बनतंय असं समज. त्या दिवसानंतर मी प्रात्यक्षिकाला मोहर सॉल्टच (फेरस अमोनियम सल्फेट) वापरलं, लिटरला १९.६ ग्रॅम, आणि पाण्यात आधी आम्ल. त्यातही लोह +२ च असतं, पण हवेत जास्त टिकतं.

राहिलेले चमत्कारिक प्रकार. लोह पेंटाकार्बोनिलमध्ये कार्बन मोनॉक्साइडचे पाच रेणू, प्रत्येक शून्य, म्हणून लोहही शून्य. चार कार्बन मोनॉक्साइड आणि दोन सोडियम असलेल्या क्षारात सोडियमचे +२ फेडायला दुसरं कुणीच नाही, म्हणून लोह −२. धातूचा अंक ऋण आला म्हणून खोडू नकोस. दुसऱ्या टोकाला पोटॅशियम फेरेट: दोन पोटॅशियम +२, चार ऑक्सिजन −८, लोह +६. रंग जांभळा, परमँगनेटची आठवण करून देणारा, आणि ऑक्सिडीकरणाची ताकद जबरदस्त.

नायट्रेट ओळखण्याच्या तपकिरी वलयाच्या चाचणीत मात्र जपून. त्या आयनात लोह, पाच पाणी, एक नायट्रिक ऑक्साइड आणि एकूण भार +२. नायट्रिक ऑक्साइडला +१ धरून लोह +१ असं बहुतेक गाइडांत आणि प्रवेशपरीक्षांत येतं, आणि परीक्षेत तू तेच लिही. पण हे संयुग चुंबकीय मोजणीत तीन अयुग्मित, म्हणजे जोडी न झालेले, इलेक्ट्रॉन दाखवतं, आणि ते तीन जसे +१ मांडून जुळतात तसेच लोह +३ आणि नायट्रिक ऑक्साइड −१ मांडूनही जुळतात. वर्णपटांचा अभ्यास करणाऱ्यांपैकी बरेच जण दुसऱ्या मांडणीकडे झुकले. रक्तातल्या हिमोग्लोबिनचाही असाच जुना वाद आहे. ऑक्सिजन नसताना लोह +२, याबद्दल दुमत नाही. ऑक्सिजन धरल्यावर रसायनशास्त्रज्ञ पॉलिंगने ते +२ च मांडलं, तर वाइस या दुसऱ्या शास्त्रज्ञाने १९६४ मध्ये लोह +३ आणि ऑक्सिजन ऋण अशी मांडणी केली. जिथे लोह आणि सोबती दोघेही इलेक्ट्रॉनांची देवघेव करू शकतात, तिथे हिशेबाची वही एकापेक्षा जास्त तऱ्हांनी लिहिता येते.

तू हेही विचारलंस, की बोर्डाच्या पेपरात मॅग्नेटाइटला +८/३ लिहू का +२ आणि +३. प्रश्नात नुसतं ‘ऑक्सिडीकरण अंक काढा’ असेल तर समीकरण मांडून +८/३ काढ, आणि खाली एक ओळ लिही: ‘ही सरासरी आहे, एक लोह +२ आणि दोन लोह +३.’ पायराइटला ‘गंधकाची जोडी, भार −२’ हे आधी लिहून मगच समीकरण मांड. पेपर तपासताना ती ओळ दिसली की मी पुढचा आकडा नंतर बघायचो.